इंजिनाचा उलटा मार आणि मणिबंधभग्न

आमच्या औषधशाळेच्या मागील पडवीत एक जुने संथगती डिझेल इंजिन आहे. दोन अवजड फ्लायव्हील, मिनिटाला साडेसहाशे फेरे, आणि सुरू करण्यास हँडलखेरीज अन्य साधन नाही. २००५ नंतर काही वर्षे ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे. त्या काळात चूर्णखात्याचा पल्व्हरायझर याच इंजिनाने चालता ठेवला. पुढे वीज सुधारली, परंतु इंजिन राहिले. पावसाळ्यात तारा तुटल्या की आजही त्याची आठवण होते.

अशाच एका जुलैच्या सकाळी चूर्णखात्यातील आमचे सर्वांत जुने कारागीर उजवे मनगट डाव्या हातात धरून चिकित्सालयात आले. सारे त्यांना मामा म्हणतात. वय पंचावन्नच्या पुढे, शरीर काटक. काय झाले असे विचारता ते म्हणाले, "काही न्हाई वैद्यबुवा, हँडल मारताना जरा लचकलं." सूज अल्प होती. बोटे हलत होती. वैवर्ण्य नव्हते. बाहेर रुग्णांची रांग होती. आम्ही लेपगोळी उगाळून गरम लेप घातला, वर पट्टा आवळून बांधला आणि दोन दिवस विश्रांती सांगितली.

तिसऱ्या दिवशी बोटे सुजून आली. तो लेप फार घट्ट वाळल्याचा परिणाम समजून आम्ही पट्टा सैल केला, स्नेहन व शेक सुरू केला. अठराव्या दिवशीही मामांना तांब्या उचलता येईना, तेव्हा क्ष-किरण चित्र काढले. बहिःप्रकोष्ठास्थीच्या टोकाचा, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या उंचवट्याचा, तुकडा निखळलेला होता, आणि मनगटातील नौकाकृती अस्थीतही भेग होती. ज्या मनगटावर आम्ही दोन आठवडे तेल चोळून शेक देत होतो, ते मनगट दोन ठिकाणी भग्न होते.

ही चूक आमची आहे, आणि ती लपविण्यात कोणाचेच हित नाही. मात्र तिचा विचार करताना आमच्या ध्यानी आले की, प्रमाद केवळ परीक्षणाचा नव्हता. "हँडल मारताना" हे दोन शब्द रुग्णाने प्रथमच उच्चारले होते. त्या शब्दांचा अर्थ आम्हांस ठाऊक असता, तर पुढचे अठरा दिवस वाया गेले नसते. आमच्या वाचकांपैकी बहुसंख्य तालुक्याच्या व खेड्यांच्या ठिकाणी चिकित्सा करतात. विहिरीवरची इंजिने, गुऱ्हाळे, पॉवर टिलर आणि क्वचित एखादा जपून ठेवलेला जुना ट्रॅक्टर यांच्या सान्निध्यात त्यांचे रुग्ण राहतात. म्हणून हे लेखन.

मोटारचालकाचे भग्न

अंगठ्याच्या बाजूच्या या अस्थिटोकाच्या भग्नास आधुनिक शल्यशास्त्रात आजही 'शोफर्स फ्रॅक्चर', म्हणजे मोटारचालकाचे भग्न, असे नाव आहे. या जातीच्या भग्नाचे वर्णन इंग्रज शल्यविद् जोनाथन हचिन्सन यांनी १८६६ मध्येच केले होते. परंतु ते सर्वत्र परिचित झाले विसाव्या शतकाच्या आरंभी, जेव्हा मोटारी रस्त्यावर आल्या आणि त्या पुढून हँडल फिरवून सुरू कराव्या लागत. इंजिन उलटले की हँडल चालकाच्या तळहातावर आदळे, मनगट मागे व बाजूला ढकलले जाई, आणि नौकाकृती अस्थी घणासारखी बहिःप्रकोष्ठास्थीच्या टोकावर बसे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विद्युत स्टार्टर आला आणि हळूहळू मोटारींची हँडले गेली.

ट्रॅक्टरांची मात्र गेली नाहीत. १९१७ मध्ये निघालेला फोर्डसन हँडलवरच चाले, आणि थंड सकाळी तो सुरू करणे हे कष्टाचे काम म्हणून कुप्रसिद्ध होते. पुढे स्टार्टर आले तरी पुढच्या बाजूस हँडलचे छिद्र कित्येक वर्षे ठेवलेले असे. बॅटरी उतरली की शेतकरी तिकडेच वळे. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे बनलेल्या छोट्या करड्या फर्ग्युसनचे उदाहरण बोलके आहे. त्याचा स्टार्टर गिअरच्या दांड्यावरच योजलेला होता. दांडा त्या विशिष्ट जागी नेल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे, आणि त्या जागी असताना ट्रॅक्टर गिअरमध्ये असूच शकत नसे. इतकी उत्तम योजना. पण हँडल लावताच ती संपूर्ण निरुपयोगी होते. गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर हँडलने सुरू झाला, तर तो पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरच येतो. मनगट हा त्या मानाने सौम्य अपघात म्हणावा लागेल.

इंजिन उलट का मारते

जे आम्ही अपघातानंतर एका वृद्ध फिटरकडून शिकलो ते येथे थोडे विस्ताराने मांडतो. कारण यंत्राची ही संप्राप्ती समजल्याविना त्यापासून होणाऱ्या इजेचे निदान होत नाही.

हँडलचे तोंड व इंजिनाच्या दांड्याचे टोक यांना एका अंगाने सरळ आणि दुसऱ्या अंगाने उतरते दात असतात. हात इंजिनाला पुढे नेतो तेव्हा सरळ अंगे एकमेकांस भिडतात. इंजिन पेटून हातापेक्षा वेगाने धावू लागले की उतरते अंग हँडलला बाहेर लोटते आणि हात मोकळा होतो. येथवर सारे ठीक. परंतु इंजिन उलट्या दिशेने फिरले तर? तेव्हा भिडलेली सरळ अंगेच एकमेकांस ढकलतात; हँडल सुटत नाही, ते इंजिनाबरोबर उलटे ओढले जाते. म्हणजे जी रचना सुलट गतीत माणसाचे रक्षण करते, ती उलट गतीत त्याला यंत्राशी जखडून ठेवते.

उलटण्याचे कारण दोन जातींच्या इंजिनांत वेगवेगळे असते. पेट्रोल वा रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये ठिणगी मॅग्नेटो देते. वेगात धावणाऱ्या इंजिनासाठी ती पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच पडावी लागते. हाताने सावकाश फिरविताना ती तितक्याच लवकर पडली, तर पेटलेला वायू वर येणाऱ्या पिस्टनला परत खाली ढकलतो. म्हणून ठिणगी मागे घेण्याची खटकी असते, अथवा मॅग्नेटोला 'इम्पल्स कपलिंग' जोडलेले असते. ते ठिणगी रोखून धरून योग्य क्षणी झटक्याने सोडते. हँडल हळू फिरविले असता त्याचा स्पष्ट 'टक्' असा आवाज येतो. आवाज येत नसेल तर हँडल मारू नये. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मॅग्नेटोस बॅटरी लागत नाही. स्विच बंद करणे म्हणजे त्याची ठिणगी एका तारेने जमिनीत उतरविणे. ती तार तुटली असेल, तर स्विच बंद असूनही इंजिन पेटू शकते.

डिझेल इंजिनात ठिणगी नाही. तेथे हवा दाबली जाऊन इतकी तापते की त्यात सोडलेले तेल आपोआप पेटते. हा दाब हाताने सर होण्यासारखा नसतो, म्हणून एक लिव्हर झडप उचलून धरते. हवा निसटते, फ्लायव्हीलला वेग येतो आणि मग लिव्हर सोडतात. वेग पुरेसा असेल तर फ्लायव्हीलची साठलेली शक्ती पिस्टनला माथ्यापलीकडे नेते. वेग अपुरा असेल, किंवा हात थकून मंदावला असताना लिव्हर पडली, तर पिस्टन माथ्याच्या अलीकडेच अडतो, त्याच क्षणी तेल पेटते, आणि दोन्ही फ्लायव्हीलांसह सारा गाडा उलट फिरतो. मामांच्या बाबतीत हेच झाले. आमच्या इंजिनाच्या लिव्हरची खाच झिजलेली होती आणि ती आपोआप पडे. हे मामांना ठाऊक होते. आम्हांसही ठाऊक होते. "जरा जपून मारायचं," इतकीच आमची योजना होती.

यातून एक व्यावहारिक अडचण उद्भवते. दोन्ही जातींच्या इंजिनांची रीत एकमेकींच्या विरुद्ध आहे. पेट्रोल-रॉकेलच्या ट्रॅक्टरला हँडल खालून वर एकदाच, पाव फेरा, झटक्याने ओढावे. गरगर फिरवू नये आणि वरून खाली तर कदापि दाबू नये. वर ओढताना उलटा मार आला तर हँडल उघड्या बोटांतून निसटून खाली जाते. खाली दाबताना आला तर शरीराचा सारा भार त्याच्या वाटेत असतो. समोर उभे राहून हँडल उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे, फिरत असेल तर डावा हात योजावा, कारण उजव्या हाताचा कोपरापुढील भाग उलटणाऱ्या हँडलच्या मार्गात येतो. डिझेल इंजिनाला याउलट लिव्हर उचलून सलग व वाढत्या वेगाने फिरवावे लागते. लिव्हर सोडल्यावर हात सैल न सोडता इंजिन पहिला ठोका देईपर्यंत जोर कायम ठेवावा आणि मग हँडल सरळ आपल्याकडे ओढून काढावे. एका यंत्रावर घडलेला हात दुसऱ्यावर तीच सवय घेऊन जातो, आणि बहुधा तेथेच घात होतो.

एक नियम मात्र दोहोंस समान आहे, आणि तो अंगठ्याचा आहे. अंगठा चारही बोटांच्या बाजूसच ठेवावा; हँडलला वळसा घालून मूठ आवळू नये. मूठ आवळलेली असेल तर उलटणारे हँडल अंगठ्याला आपल्याबरोबर नेते, आणि त्याच्या मुळाचा सांधा अथवा अस्थी जाते. आम्ही विचारले तेव्हा मामांनी हवेत हँडल धरून दाखविले. मूठ पूर्ण आवळलेली होती. तीस वर्षे ते तसेच धरीत आले होते.

हँडल न सुटण्याचा धोकाही सांगितला पाहिजे. दात झिजले, गंज चढला किंवा वंगण वाळले की इंजिन सुरू होऊनही हँडल दांड्यावरच राहते. साडेसहाशे फेऱ्यांवर एक फूट लांबीच्या हँडलचे टोक ताशी सुमारे ७५ किलोमीटर वेगाने फिरत असते. ते हाताने पकडू जाणे म्हणजे आत्मघात. बाजूला सरावे, फ्लायव्हीलच्या व हँडलच्या रेषेत उभे न राहता तेल बंद करावे आणि यंत्र पूर्ण थांबू द्यावे. उपरणे, सैल बाही, साडीचा पदर, गळ्यातील ताईत यांविषयी निराळे सांगण्याचे कारण नाही. तरी गुऱ्हाळावर आजही पंचा खांद्यावर टाकून हँडल मारणारे आम्ही पाहतो.

चिकित्सकाने काय पाहावे

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात भग्नाची कारणे देताना पतन, पीडन व प्रहार यांच्यासमवेत आक्षेपणाचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. हँडलचा मार हा प्रहार आणि आक्षेपण यांचा संयोग होय. बाहेरून आघाताची खूण अल्प आणि आत सांध्याला बसलेला झटका तीव्र, असे त्याचे स्वरूप असते. सूज थोडी दिसते म्हणून इजा थोडी, असे अनुमान येथे फसते. शारीरस्थानात मणिबंध हे रुजाकर मर्म सांगितले असून त्याच्या विद्धतेचे फल कुंठता असे दिले आहे. मामांचे मनगट आज नेमके तसेच आहे: वेदना थोडी, आणि वळणे निम्मे.

हँडलचा इतिहास मिळताच अंगठा ताणून धरावा व त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो त्यात बोटाने दाबून पाहावे. तेथे स्पर्शासहत्व असेल तर नौकाकृती अस्थीचे भग्न आहे असेच गृहीत धरून मनगट व अंगठा स्थिर करावा आणि क्ष-किरणासाठी पाठवावे. पहिल्या दिवसाच्या चित्रात ही भेग पुष्कळदा दिसत नाही. वेदना टिकून असल्यास दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा चित्र घ्यावे. या अस्थीला रक्तपुरवठा बोटांकडील टोकाने होतो, त्यामुळे भेगेपलीकडचा कोपराकडील तुकडा पोषणावाचून मरू शकतो. दोन आठवड्यांची दिरंगाई ही म्हणून क्षुल्लक नव्हे. बहिःप्रकोष्ठास्थीचा तुकडा सरकलेला असल्यास, किंवा मनगटाचे स्नायुबंध तुटल्याचा संशय असल्यास, अस्थिशल्यविदाकडे रुग्ण पाठविण्यात आमच्या शास्त्राचा कमीपणा नाही.

आता आमच्या उपचाराची परीक्षा आमच्याच ग्रंथावर करू. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात भग्नावर न्यग्रोधादि गणाच्या काढ्याचा सुशीत परिषेक सांगितला आहे. मंजिष्ठा, यष्टिमधु व रक्तचंदन यांसह शतधौत घृत आणि शालिपिष्ट यांचा लेप सांगितला आहे. सारे शीत. आम्ही घातला तो गरम लेप. बंधाविषयी आचार्यांचे मत तर निःसंदिग्ध आहे: सैल बांधल्यास सांध्यास स्थैर्य येत नाही, घट्ट बांधल्यास त्वचेस शोथ, वेदना व पाक होतो, म्हणून साधारण बंध प्रशस्त. तो सौम्य ऋतूत सात, साधारण ऋतूत पाच आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बदलावयाचा. पदवी परीक्षेत आम्ही हे सारे लिहिले होते.

घट्ट बंधाचे आधुनिक ज्ञानाने उमगलेले फल याहूनही भयंकर आहे. कोपरापुढील स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढला की रक्त पोहोचत नाही आणि काही तासांत स्नायू मरतात. बोटे हलक्या हाताने सरळ करताना असह्य वेदना होणे हे त्याचे आरंभीचे लक्षण होय. नाडी हातास लागते म्हणून निर्धास्त राहू नये. ती उशिरापर्यंत लागते. अशा वेळी पट्टा, लेप, कुशा जे असेल ते तत्काळ काढून रुग्णास शल्यचिकित्सेसाठी हलवावे. मामांची बोटे तिसऱ्या दिवशी सुजली तेव्हा आम्ही या आपत्तीच्या किती जवळ होतो, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

योग्य जुळणी व स्थिरीकरण झाल्यावर आपल्या औषधींना मोठे क्षेत्र आहे, आणि तेथे आम्हांस संकोच नाही. लाक्षादि गुग्गुळ, आभा गुग्गुळ, अस्थिशृंखला, दूध-तुपाचा आहार. लवण, कटु, अम्ल, क्षार व रूक्ष अन्नाचे वर्जन. बाल्यात एक महिना, मध्यम वयात दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ सांधा स्थिर होण्यास लागतो, हे सुश्रुतोक्त परिमाण रुग्णास आरंभीच सांगावे, म्हणजे तो तिसऱ्या आठवड्यात कुशा काढून टाकीत नाही.

औषधशाळांच्या चालकांसाठी

२००० साली आलेल्या शेड्यूल टी मुळे आपल्या औषधशाळांतील यंत्रसामग्री, स्वच्छता व कामगारांची वैद्यकीय तपासणी यांची शिस्त लागली. निरीक्षणाच्या वेळी आम्ही पल्व्हरायझरची जाळी, चाळण्या, एंड रनर यांच्या नोंदी अभिमानाने दाखवितो. मागील पडवीतील इंजिन कोणी पाहत नाही, आणि खरे सांगावयाचे तर ते कोणी पाहू नये अशीच आमची इच्छा असे. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी हे या देशात १९२३ पासून कायद्याने ठरलेले आहे. परंतु आमच्यासारख्या छोट्या शाळेत मालकच वैद्य असतो, आणि कामगार आपल्याच अन्नदात्याकडे "लचकलं" एवढेच सांगतो. तो अपघात म्हणून नोंदवीत नाही. आपणही नोंदवीत नाही. रुग्ण आणि नोकर एकच माणूस असला की निदानात संकोच शिरतो, याचा विचार चालकबंधूंनी जरूर करावा.

अपघातानंतर आम्ही जे केले त्यास फारसा खर्च आला नाही. फिटरने लिव्हरची खाच भरून घासली, हँडलचे दात नव्याने कापले, त्याच्या बोडक्या मुठीवर मोकळी फिरणारी नळी बसविली. पट्टा लूज पुलीवर घेतल्याविना हँडल लावावयाचे नाही असे ठरले, म्हणजे सुरू करताना पल्व्हरायझरचा भार येत नाही. इंजिनाभोवतीची बोरूची पोती व डिझेलचे डबे हलवून पाय घट्ट रोवण्याइतकी कोरडी जागा केली; चूर्णाच्या धुळीत आणि सांडलेल्या तेलात पाय घसरणे हेही हात मंदावण्याचे एक कारण असते. चूर्णखात्यातील दोनच माणसांना हँडल लावण्याची अनुज्ञा आहे, आणि दोघांनाही अंगठा कोठे ठेवावयाचा हे मामांनीच शिकविले.

मामा आता वेष्टनखात्यात बसतात. हाताच्या भग्नानंतर बळ परत आणण्यासाठी सुश्रुतांनी प्रथम शेणाचा गोळा, मग मातीचा आणि हातात बळ आल्यावर दगड धरावयास सांगितला आहे. मामांनी शेणाचा गोळा नाकारला, मातीचा मात्र तीन महिने नेमाने धरला. दगड अद्याप त्यांच्या मुठीत नीट बसत नाही. भस्मांच्या खलाचा बत्ता ते पुन्हा फिरवू शकले नाहीत; तो आता त्यांचा पुतण्या फिरवितो, आणि भावनेचा रंग बरोबर उतरला की नाही हे पाहण्यास मामांना हाक मारतो.